‘सुकियाकी’ ते ‘आयडॉल’ : जपानी पॉप गायकांना समीक्षक न्याय देतात का?

जून १९६३ मध्ये अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक जपानी गीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथेच राहिले. गायक होता एकवीस वर्षांचा क्यू साकामोतो. गाण्याचे मूळ नाव ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालूया’. डोळ्यांतले पाणी ओघळू नये म्हणून मान वर करून चालणाऱ्या एकाकी माणसाचे ते गाणे. गीतकार रोकुसुके एइ यांनी ते अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरोधातील आंदोलन फसल्याच्या विषण्णतेतून लिहिले, असे सांगितले जाते. अमेरिकी आणि ब्रिटिश श्रोत्यांपर्यंत मात्र ते ‘सुकियाकी’ या नावाने पोहोचले. सुकियाकी हा गोमांस व भाज्यांचा एक रस्सेदार पदार्थ. गाण्याशी त्याचा सुतराम संबंध नाही. परदेशी जिभेला उच्चारता येईल आणि ऐकताच जपान आठवेल, एवढाच त्या नावामागचा विचार. बा. भ. बोरकरांची एखादी कविता परदेशी वाचकांपुढे ‘शाकुती’ या नावाने ठेवावी, तसाच हा प्रकार.

त्याला आता साठ वर्षे उलटली. जपानी भाषेतील दुसरे कोणतेही गाणे अद्याप त्या यादीच्या शिखरावर गेलेले नाही. मात्र जून २०२३ मध्ये योआसोबी या जोडीचे ‘आयडॉल’ हे गीत बिलबोर्डच्या अमेरिका वगळून केल्या जाणाऱ्या जागतिक यादीत अव्वल ठरले, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. जपानी पॉप गायकांच्या संगीताचे आणि कलावंत म्हणून त्यांचे मूल्यमापन समीक्षक न्यायाने करतात, की तिथेही अजून ‘सुकियाकी’च वाढली जाते?

मुळात ‘कलावंत’ कोणाला म्हणायचे?

पाश्चात्त्य पॉप-समीक्षेची घडण प्रामुख्याने १९६० नंतरच्या रॉक संगीताभोवती झाली. स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा आणि आपलेच गाणे आपण गाणारा कलावंत हा त्या समीक्षेचा आदर्श. दुसऱ्याने लिहिलेले गाणारा तो नुसता ‘सादरकर्ता’, अशी उतरंड त्यातून तयार झाली. या वृत्तीला इंग्रजी समीक्षेत ‘रॉकिझम’ असे नाव आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक केलेफा सॅनेह यांनी २००४ मध्ये तिच्यावर लिहिलेला लेख बराच गाजला. रॉकच्या मोजपट्टीने सारे संगीत मापू नये, हा त्याचा गाभा.

जपानी पॉप संगीताची परंपरा नेमकी या मोजपट्टीत न बसणारी आहे. युद्धोत्तर जपानमध्ये ‘कायोक्योकु’ या नावाने ओळखले गेलेले लोकप्रिय संगीत श्रमविभागणीवर उभे होते. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, वाद्यवृंदाची रचना करणारा वेगळा आणि गायक वेगळा. मराठी वाचकाला यात काहीच नवल वाटू नये. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केले आणि त्यातील अनेक गीते इतर गायक-गायिकांनी गायिली. त्या गायकांना आपण कमी प्रतीचे कलावंत मानले नाही. आशा भोसले यांनी आपली गाणी स्वतः लिहिली नाहीत, हा आक्षेप कोणी घेतला तर आपण हसू. जपानी गायिकांच्या बाबतीत मात्र तो आक्षेप गांभीर्याने घेतला जातो.

सेइको मात्सुदा हे याचे ठळक उदाहरण. १९८० मध्ये पदार्पण केलेल्या या गायिकेची सलग चोवीस एकल-गीते ‘ओरिकॉन’ या जपानी विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तरीही ‘बुरिक्को’, म्हणजे लाडिक भोळेपणाचा आव आणणारी मुलगी, हा शिक्का तिच्यावर बसला आणि चर्चा त्या शिक्क्याभोवतीच फिरत राहिली. आता गाण्यांच्या कर्त्यांची नावे पाहू. १९८२ मधील ‘आकाई स्वीट पी’चे शब्द ताकाशी मात्सुमोतो यांचे; चाल युमी मात्सुतोया यांची, पण ‘कारुहो कुरेता’ या टोपणनावाने दिलेली. सेइकोच्या इतर गाण्यांना हारुओमी होसोनो आणि एइची ओताकी यांनी चाली दिल्या. मात्सुमोतो, होसोनो आणि ओताकी हे तिघेही ‘हॅपी एंड’ या चौघांच्या रॉक संचाचे सदस्य. त्याच संचाच्या १९७१ च्या ‘काझेमाची रोमान’ या अल्बमला रोलिंग स्टोन मासिकाच्या जपानी आवृत्तीने २००७ मध्ये जपानी रॉकमधील सर्वश्रेष्ठ अल्बमचा मान दिला. म्हणजे त्याच माणसांनी रॉक संचात केलेले काम अभिजात ठरले आणि झालरीचा झगा घातलेल्या मुलीसाठी केलेले काम करमणूक ठरले. ही तफावत श्रवणातून आलेली नाही. गाणारी कोण आणि ऐकणारे कोण, यावरून ती आधीच ठरलेली होती.

भाषेचा आणि आवाजाचा प्रश्न काय आहे?

दुसरी अडचण भाषेची, आणि तिची सुरुवात खुद्द जपानमध्येच झाली. १९७० च्या सुमारास ‘रॉक जपानी भाषेत गाता येते का’ या प्रश्नावर तेथील संगीत-नियतकालिकात जोरदार वाद झडला. जपानीत गाणारा ‘हॅपी एंड’ एका बाजूला, तर रॉक इंग्रजीतच गावे असे मानणारे युया उचिदा आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या बाजूला. या वादाला तांत्रिक आधारही होता. जपानी भाषेत प्रत्येक अक्षर-मात्रा साधारण सारखा वेळ घेते. इंग्रजीप्रमाणे एका अक्षरावर जोर देऊन पुढची चार अक्षरे गिळता येत नाहीत. त्यामुळे ठोक्यावर आदळणारी लय जपानी शब्दांना मानवत नाही, असे काहींचे म्हणणे होते.

गायकांनी या अडचणीतून आपापल्या वाटा काढल्या. क्यू साकामोतोने ‘उए ओ मुइते आरुको’ गाताना अक्षरे तोडली, त्यांत हकार मिसळला आणि एल्विस प्रेस्लीच्या धाटणीचे झटके दिले. खुद्द गीतकार एइ यांना सुरुवातीला ही आपल्या शब्दांची थट्टाच वाटली होती. आज त्या गाण्याचे सौंदर्य त्या तुटलेल्या अक्षरांतच आहे, असे म्हटले जाते. पुढे १९९८ मध्ये हिकारू उतादा या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘ऑटोमॅटिक’ या पहिल्याच गीतात शब्द अनपेक्षित जागी तोडून ते ताल-आघातांवर बसवले. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या उतादाला इंग्रजी आणि जपानी दोन्ही भाषा सहज होत्या. गीते आणि चालीही तिच्याच. १९९९ चा तिचा ‘फर्स्ट लव्ह’ हा जपानमधील सर्वाधिक विक्रीचा अल्बम ठरला. त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती तेथे खपल्या. जपानी भाषेच्या लयीवर तिने केलेले काम समजण्यासाठी मात्र समीक्षकाला जपानी ऐकता यावी लागते. ती ज्याला येत नाही, त्याच्या कानी फक्त अमेरिकी आर अँड बी संगीताची जपानी नक्कल पडते आणि तो तेच लिहितो.

आवाजाचेही तसेच. जपानी ‘एन्का’ गायनात स्वराला दिले जाणारे हेलकावे ‘कोबुशी’ म्हणून ओळखले जातात. आपल्याकडील मुरकीच्या वा हरकतीच्या जवळचा हा प्रकार. त्या संगीतात वारंवार येणाऱ्या ‘योनानुकी’ स्वरसप्तकातून चौथा आणि सातवा स्वर गाळलेला असतो. शुद्ध स्वरांत ते मांडले तर सा, रे, ग, प, ध उरतात, म्हणजे आपल्या भूपाचे स्वर. भूपात भजन ऐकत वाढलेल्या गोमंतकीय कानाला त्यात ओळखीचे काही सापडेल. पाश्चात्त्य हार्मनीच्या अंगाने ऐकणाऱ्या समीक्षकाला तेच ‘सोपे’, ‘भावविवश’ वाटू शकते. साधन साधे असणे म्हणजे कला साधी असणे नव्हे, हे भूप ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

समीक्षकांचे निकाल कसे फिरतात?

मिसोरा हिबारी या गायिकेची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. युद्ध संपल्यानंतरच्या काळात, नऊ वर्षांची असताना, ती आकाशवाणीवरील हौशी गायकांच्या स्पर्धेत उतरली. परीक्षकांनी तिला उत्तीर्ण केले नाही. गाणे चांगले होते. पण लहान मुलीने मोठ्यांची गाणी मोठ्यांसारखी गावीत हे त्यांना रुचले नाही. ती प्रसिद्धीस आल्यावर कवी हाचिरो सातो यांनीही वृत्तपत्रातून याच कारणासाठी तिच्यावर कोरडे ओढले. १९८९ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी हिबारीचे निधन झाले, तेव्हा जपान सरकारने तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. तो मिळवणारी ती पहिली महिला. ज्या आवाजाला बालवयात अनुचित म्हटले गेले, तोच आता राष्ट्राचा आवाज झाला होता.

हे केवळ एका गायिकेपुरते घडले नाही. ‘एन्का म्हणजे जपानी आत्म्याचे प्राचीन गाणे’ ही आज सर्वत्र आढळणारी समजूत. संगीत-अभ्यासक युसुके वाजिमा यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात तिचा पाया तपासला आणि आजच्या अर्थाने एन्का हा प्रकार १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडवला गेला असे दाखवून दिले. तोवर याच धर्तीची गाणी सुशिक्षित वर्गाला हलकी वाटत होती. पुढे विचारवंतांनी त्यांत ‘खऱ्या जनतेचा’ सूर शोधला आणि हिणवलेले संगीत पूजनीय झाले. गाणी बहुतांशी तीच. समीक्षकाची गरज तेवढी बदलली.

‘सिटी पॉप’चेही असेच झाले. १९७० च्या उत्तरार्धापासून १९८० च्या दशकापर्यंत टोकियोच्या स्टुडिओंमध्ये कसलेल्या वादकांनी घडवलेले हे सफाईदार संगीत. गाडीत आणि जाहिरातीत शोभणारे, आर्थिक भरभराटीचे प्रसन्न संगीत म्हणून ते कित्येक वर्षे बाजूला पडले होते. मारिया ताकेउची यांचे ‘प्लास्टिक लव्ह’ १९८४ चे. २०१७ नंतर यूट्यूबच्या शिफारशींतून ते जगभर पोहोचले. मिकी मात्सुबारा यांचे १९७९ चे ‘मायोनाका नो डोअर’ २०२० च्या अखेरीस स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत अग्रस्थानी आले. ते पाहायला गायिका हयात नव्हती. २००४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचे कर्करोगाने निधन झाले होते. पाश्चात्त्य नियतकालिकांतील गौरवलेख त्यानंतरचे. समीक्षकांनी श्रोत्यांना वाट दाखवावी अशी अपेक्षा असते. येथे श्रोते पुढे गेले आणि समीक्षक मागून आले.

श्रेय कोणाला मिळते?

तिसरा अन्याय श्रेयाच्या वाटपातला, आणि तो प्रामुख्याने गायिकांच्या वाट्याला येतो. गायिकेचे गाणे फसले तर दोष तिचा. जमले तर श्रेय पडद्यामागच्या पुरुष निर्मात्याचे. ओकिनावाच्या नामिए आमुरोला १९९० च्या दशकात निर्माते तेत्सुया कोमुरो यांची निर्मिती मानले गेले. तिच्या पोशाखाची नक्कल करणाऱ्या मुलींवर रकाने भरले; नृत्य करीत असताना श्वासावर ताबा ठेवून गाण्याची तिची हातोटी क्वचितच लेखाचा विषय झाली. कोमुरोपासून दूर झाल्यावर तिने हिप-हॉप आणि आर अँड बीची वाट धरली आणि २०१८ मध्ये स्वेच्छेने निवृत्त होईपर्यंत ती टिकवली. निवृत्तीपूर्वीच्या ‘फायनली’ या संग्रहाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. हिरोशिमाच्या ‘पर्फ्यूम’ या तीन मुलींच्या संचाबाबतही असेच. संगीतकार यासुताका नाकाता यांनी त्यांचे आवाज यंत्राने घोटून बदलले. म्हणून त्या ‘बाहुल्या’ ठरल्या. यंत्राने घोटलेल्या त्याच आवाजासाठी जर्मन ‘क्राफ्टवेर्क’ला द्रष्टे म्हटले जाते, याकडे दुर्लक्ष झाले.

श्रेयाचा हा विषय गोव्याला परका नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट अशा गोमंतकीय वादक-रचनाकारांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला आकार दिला, आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. येथे पडद्यामागचे विसरले गेले, तेथे पडद्यापुढची. कलाकृती अनेकांची असते, हे मान्य न केल्याने दोन्हीकडे एकाच्या वाट्याचे दुसऱ्याला गेले.

मग समीक्षकांचे आक्षेप सारेच चुकीचे का?

तसे म्हणणे हा उलटा अन्याय होईल. २००५ मध्ये यासुशी आकिमोतो यांनी टोकियोच्या आकिहाबारा भागात ‘एकेबी ४८’ हा मुलींचा मोठा संच उभा केला. त्यांच्या सीडीसोबत गायिकेशी हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी मिळे. संचातील आवडत्या मुलीला मत देण्याचा हक्कही सीडीसोबतच येई. परिणामी एकच चाहता एकाच गाण्याच्या कित्येक सीडी विकत घेई. २०१० च्या दशकात ओरिकॉनच्या वार्षिक यादीचे शिखर बहुतेक वर्षे याच संचाकडे राहिले. अशा यादीवरून देशाची आवड ठरवता येत नाही, हा समीक्षकांचा आक्षेप रास्त होता. गाण्याऐवजी सहवासाचा भास विकला जातो आणि त्याची किंमत किशोरवयीन मुली मोजतात, हेही त्यांनी योग्यच सांगितले. चूक होते ती यापुढच्या पायरीवर. विक्रीची पद्धत सदोष, म्हणून गाणे ऐकण्याची गरजच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. दुकानदाराने वजनात मारले म्हणून धान्य निकृष्ट ठरत नाही. दोन्ही तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात.

जपानी समीक्षक तरी निर्भीड आहेत का?

परदेशी समीक्षक अज्ञानातून चुकतात असे मानले, तर देशी समीक्षकांकडून अधिक अपेक्षा ठेवावी लागते. जपानमधील संगीत-नियतकालिकांत परखड परीक्षणापेक्षा कलावंताच्या प्रदीर्घ मुलाखतीला मानाचे स्थान आहे. मुलाखत मिळायची तर गायकाच्या व्यवस्थापन-संस्थेची मर्जी राखावी लागते. जाहिराती, छायाचित्रांची परवानगी, दूरचित्रवाणीवरील उपस्थिती हे सारे त्याच संस्थांच्या हाती.

या व्यवस्थेची काळी बाजू जॉनी कितागावा प्रकरणात दिसली. मुलगे गायकांचे संच घडवणारी त्यांची संस्था १९६२ पासून जपानी करमणूक क्षेत्रावर वर्चस्व गाजवत होती. कितागावा यांनी किशोरवयीन मुलांचे लैंगिक शोषण केल्याचे आरोप शुकान बुन्शुन या साप्ताहिकाने १९९९ मध्ये मालिकेतून छापले. बदनामीच्या दाव्यात टोकियो उच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्या आरोपांचा महत्त्वाचा भाग सत्य असल्याचे मान्य केले. तरीही बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाहिन्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. २०१९ मध्ये कितागावा गौरवात निवर्तले. मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट आला, पीडित उघडपणे बोलू लागले आणि सप्टेंबरमध्ये संस्थेने शोषण झाल्याचे मान्य केले. त्याआधी ऑगस्टमध्ये संस्थेनेच नेमलेल्या तज्ज्ञ-समितीने माध्यमांच्या मौनालाही जबाबदार धरले होते.

न्याय्य समीक्षेच्या चर्चेत हे प्रकरण कशाला, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, गायकावर अन्याय केवळ कठोर शब्दांनी होत नाही. त्याच्या नृत्याचे, हास्याचे, खपाचे वर्णन करीत राहायचे आणि तो कोणत्या परिस्थितीत गातो याविषयी शब्द काढायचा नाही, हाही अन्यायच, आणि त्याची किंमत कोणत्याही बोचऱ्या परीक्षणाहून मोठी होती.

न्याय्य समीक्षा कशी असावी?

याचे उत्तर अवघड नाही; ते आचरणात आणणे अवघड. गाणे ज्या परंपरेतून आले, तिच्या मोजपट्टीने ते आधी मोजावे. गीतकार, संगीतकार, रचनाकार आणि गायक यांचे काम वेगवेगळे ऐकावे आणि ज्याचे त्याला द्यावे. भाषा येत नसेल, तर आपण अर्धेच गाणे ऐकत आहोत याची नोंद ठेवावी. विक्रीची पद्धत, व्यवस्थापनाची वागणूक आणि गाण्याचा दर्जा हे तीन प्रश्न वेगळे ठेवावेत आणि तिन्ही विचारावेत. गायिकेच्या पोशाखाविषयी लिहायचे असल्यास खुशाल लिहावे, पण तिच्या स्वराविषयीही लिहावे.

हा उपदेश करताना प्रस्तुत लेखकाला स्वतःचीही आठवण ठेवली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका रात्रपाळीत जपानी गायिकेच्या परदेशातील मैफलीची बातमी संपादनासाठी हाती आली. वृत्तसंस्थेच्या त्या मजकुरात तिच्या केसांचा रंग होता, चाहत्यांच्या रांगेची लांबी होती. ती काय गायली याचा उल्लेख नव्हता. पानाची वेळ भरत आली होती. ‘जपानी बाहुली’ हे शब्द मथळ्यात नेमके बसत होते, आणि तेच छापून गेले. त्या गायिकेचे एकही गाणे तेव्हा ऐकलेले नव्हते. पुढे कधीतरी ऐकले, तेव्हा बाहुली हा शब्द आठवून ओशाळल्यासारखे झाले. त्या दिवशी एका गाण्यापुरती पाच मिनिटे काढता आली असती.

एकूण विचार करता, जपानी पॉप गायकांना समीक्षकांचा न्याय पूर्णांशाने मिळालेला नाही, असेच म्हणावे लागते. तो कधी अज्ञानाने हुकला, कधी पूर्वग्रहाने, तर कधी मर्जी राखण्याच्या मोहाने. परिस्थिती बदलत आहे, कारण आता श्रोत्याला मध्यस्थाची तितकीशी गरज उरलेली नाही. मिकी मात्सुबाराचे गाणे एखाद्या समीक्षकाने सुचवले म्हणून जगाने ऐकले नाही. क्यू साकामोतो १९८५ मध्ये एका विमान-अपघातात वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेला, पण ‘उए ओ मुइते आरुको’ जपानमध्ये आजही त्याच्या खऱ्या नावाने गायिले जाते. अमेरिकेत मात्र त्याची ओळख अजूनही ‘सुकियाकी’ अशीच आहे.